सणाच्या गोळ्या

दुपारी चार वाजता आमच्या गल्लीतली सात-आठ मुलं माझ्याकडे अभ्यासाला येतात. नियम दोनच. चपला ओळीत काढायच्या, आणि चुकलेलं उदाहरण खोडायचं नाही, त्याच्या खाली पुन्हा सोडवायचं. चूक डोळ्यांसमोर राहिली तर ती कुठे झाली ते कळतं. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातलं एवढंच आता हाताशी उरलं आहे.

कार्तिकातल्या एका बुधवारी मुलं गेली आणि माझी सून तेजश्री येऊन सतरंजीवर बसली. एरवी ती या वेळी दिवेलागणीच्या कामात असते. सतरंजीच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत तिने विचारलं, "आई, इराला तुम्ही बारावीपर्यंत शिकवाल ना?"

इरा माझी नात, नववीत आहे. मी म्हटलं, मी सातवीपर्यंत शिकवलेली बाई, मला बीजगणित कुठे येतंय? आणि तू आहेस की. तू बी.कॉम. झालेली.

सुरकुत्या संपल्या तरी हात फिरत राहिला. प्रगतिपुस्तक दप्तरात लपवून ठेवलेली मुलं अशी बसतात. अशा वेळी विचारायचं नसतं. मी वह्या एकावर एक रचत बसले. वह्या संपल्यावर तिने सांगितलं.

तेवीस दिवस झाले होते, अंगावरून जाणं थांबत नव्हतं. त्याआधीही पितृपक्षापासून मागेपुढे चाललेलंच होतं. दिवाळीत ती जवळच्या एका डॉक्टरांकडे जाऊन आली, त्यांनी थांबायच्या गोळ्या दिल्या, चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा सुरू झालं. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईने सल्ला दिला होता की पिशवी काढून टाक, कटकट संपते. आणि तेजश्रीच्या मनात या सगळ्यावर एकच गोष्ट बसली होती, तिची सिन्नरची मावशी. मावशीचंही असंच सुरू झालं होतं. वयामुळे होत असेल म्हणून तिने वर्षभर कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा गर्भाशयाचा कॅन्सर पुढे गेलेला होता. ती गेली त्याला दोन वर्षं झाली.

"माझंही तेच असणार," तेजश्री म्हणाली. रडली नाही. इराला डाळींचे डबे कुठे असतात ते दाखवून झालं होतं, पुरणाचं प्रमाण लिहून दिलं होतं, बँकेची पासबुकं कुठे आहेत तेही सांगितलं होतं. इराला वाटलं, आई आपल्याला घरकामाला जुंपते आहे, म्हणून ती दोन दिवस फुरंगटून होती.

मला माझी चूक तिथेच दिसली. दिवाळीत तेजश्री घाटाच्या पायऱ्या चढताना तीनदा थांबली होती. ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं होतं, सत्तेचाळीस म्हणजे असं होतंच, माझंही झालं होतं. झालं होतं खरं, पण तेवीस दिवस नाही. आणि मी तिला विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी उपेंद्र आला तेव्हा त्याला सांगितलं. माझा मुलगा तीर्थोपाध्याय आहे. रामकुंडावर यजमानांचे विधी करतो. लांबून आलेल्या यजमानाला वही उघडून त्याच्या सात पिढ्यांची नावं वाचून दाखवतो, आणि यजमान थक्क होतो. त्याने बायकोकडे पाहून विचारलं, हे कधीपासून? आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत राहिलो. मग तो उठला, खांद्यावरचं उपरणं खुंटीला लावलं आणि पुन्हा काढून खांद्यावर घेतलं. जेवला नाही.

या वेळी दाखवायचं ठरलं ते डॉक्टर तृप्तीला. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी, मी रोज एसटीने तिकडे जात असताना माझ्या चौथीच्या वर्गात होती. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी फडक्यात बांधून आणायची आणि मधल्या सुट्टीत अर्धी मला द्यायची, कारण माझा डबा बघून तिला माझी दया यायची. आता ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. फोनवर तिने शुक्रवारची वेळ दिली आणि गेल्या सहा महिन्यांच्या तारखा आणायला सांगितल्या.

तेजश्रीच्या तारखा स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर होत्या. कागदावर उतरवत कशाला बसायचं म्हणून मी कॅलेंडरच खिळ्यावरून काढलं आणि गुंडाळून पिशवीत घातलं. सिंहस्थाच्या कामांसाठी अर्धे रस्ते खणलेले. रिक्षा हिसके खात होती, आणि तेजश्री ती पिशवी पोटाशी धरून बसली होती. उपेंद्र पुढे रिक्षावाल्याशेजारी दाटीवाटीने बसला. एकदाही मागे वळला नाही, पण प्रत्येक खड्ड्याला त्याला हळू घे म्हणत होता. शेवटी रिक्षावाला म्हणाला, काका, रस्ता मी नाही खणला.

तृप्तीने आधी माझ्या पाया पडून घेतलं, मग खुर्चीत बसल्यावर ती वेगळीच झाली. वजन किती कमी झालं, रात्री घाम येतो का, छातीत धडधडतं का, घरात कुणाला कॅन्सर होता का, उपास किती. मावशीचं सांगून झालं. सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि श्रावणात शनिवारही, असं तेजश्रीने सांगितलं. उपासाला काय खाता? साबुदाणा आणि चहा. तृप्तीने ते लिहून घेतलं.

"सध्या कुठलं औषध चालू आहे?"

"दिवाळीत त्या थांबायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या संपल्या."

"त्याच्याआधी? बीपी, थायरॉइड, कसल्याच गोळ्या नाहीत?"

"नाहीत."

मग तृप्तीने कॅलेंडर टेबलावर पसरलं. तारखांभोवती लाल गोल होते, ते तिने पेनाच्या टोकाने मोजले. आषाढात पाच, श्रावणात आठ, पुढे पुढे सगळं पान लाल. पण तिचं पेन मध्येच थांबलं. लाल गोलांच्या आधी, दर वेळी, निळ्या पेन्सिलीच्या छोट्या फुल्या होत्या.

"वहिनी, या फुल्या कसल्या?"

"त्या काही नाहीत. सणाच्या गोळ्या."

आमच्यासारख्या घरात राहिल्याशिवाय हे समजायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे यजमान श्राद्धाच्या दिवशी जेवायला असतात, आणि तो स्वयंपाक सोवळ्यात होतो. माझ्या वेळी अडचण आली की बाई चार दिवस बाजूला बसायची आणि जाऊ शेजारहून यायची. आता जावा नाहीत, शेजारणी नोकरीला जातात. मग औषधांच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या येतात. चिठ्ठी कुणी मागत नाही. गौरी आल्या की गोळ्या, पितृपक्षाचे पंधरा दिवस गोळ्या, नवरात्रात गोळ्या. आमच्या गल्लीत कुणी त्यांना औषध म्हणत नाही. औषध म्हणजे आजारी माणसाचं. या म्हणजे फुलवाती आणि कापरासारखं सणाच्या सामानातलं काहीतरी. सामानाच्या यादीत मी स्वतः ते नाव वाचलेलं आहे, आणि सून सगळं कसं नीट जुळवून घेते म्हणून चार बायकांत तिचं कौतुकही केलेलं आहे.

तृप्ती फुल्या मोजत होती. आषाढापासून दिवाळीपर्यंत एकूण छप्पन्न भरल्या.

"हे त्या दिवाळीतल्या डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"त्यांनी औषध घेता का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं," तेजश्री म्हणाली. तिला अजून यात काय बिघडलं ते कळलं नव्हतं.

तृप्तीने पेन ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही आम्हाला काय सांगायचा? उदाहरणात दिलेलं सगळं आधी लिहून घ्या. वहिनींनी छप्पन्न आकडे लिहिलेच नाहीत. मग उत्तर कसं येणार?"

उपेंद्र म्हणाला, "म्हणजे या गोळ्यांमुळेच झालं हे?"

तिने समजावून सांगितलं, पाड्यावरच्या आयाबायांना सांगत असेल तसंच. चाळिशीच्या पुढे पाळी तशीही मागेपुढे होऊ लागते. शरीर आपलं वेळापत्रक हळूहळू आवरत असतं. त्यात आपण दर महिन्याला मध्ये हात घातला, आज नको, पंधरा दिवसांनी ये, असं वारंवार केलं, की त्याला काहीच सुधरत नाही. शिवाय या गोळ्या प्रत्येकीला चालतात असंही नाही, डॉक्टरला विचारून घ्यायच्या असतात. पण ती तिथे थांबली नाही. "मला वाटतंय की कारण हेच आहे. पण नुसत्या वाटण्यावर मी सोडणार नाही. या वयात इतके दिवस अंगावरून गेलं की आतून तुकडा घेऊन तपासायचाच. मावशींचं राहून गेलं ते एवढंच."

सोनोग्राफी झाली, तुकडा घेतला, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसात निघालं. पिशवी काढायचं का, असं तेजश्रीने विचारलं, तर तृप्ती म्हणाली की तो पहिला उपाय नसतो, शेवटचा असतो, आणि बहुतेकींवर ती वेळ येत नाही. रिपोर्टला सहा दिवस लागणार होते.

ते सहा दिवस मी मुलांना काय शिकवलं ते आठवत नाही. धनराज नावाचा एक चौथीतला मुलगा आहे, त्याने एकच चुकीचं उत्तर दोन वेळा दिलं आणि मी दोन्ही वेळा बरोबर म्हटलं, तेव्हा त्यानेच मला सांगितलं की आजी, चूक आहे. तेजश्रीने निळी पेन्सिल कंपासपेटीत टाकून दिली होती. रक्तवाढीची गोळी तेवढी वेळेवर घेत होती. इराला आता सगळं माहीत होतं. ती फुरंगटायची थांबली आणि आईच्या मागे मागे फिरू लागली, ते तेजश्रीला आणखी जड जात होतं. उपेंद्र रामकुंडावरून येताना रोज काहीतरी आणायचा. एक दिवस खजूर, एक दिवस बीट, एक दिवस राजगिऱ्याच्या लाडवांचं अख्खं पाकीट. ओट्यावर ठेवायचा.

गुरुवारी सकाळी अकराला फोन आला. तेजश्री कणीक मळत होती, हात भरलेले, म्हणून मी उचलला.

"बाई, रिपोर्ट आला. साधा आहे. कॅन्सर नाही."

मी म्हटलं, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं. मग मी फोन तेजश्रीच्या कानाला लावून धरला आणि तृप्तीने तिसऱ्यांदा सांगितलं.

तेजश्री तशीच फरशीवर बसली. कणकेचे हात मांडीवर. मग म्हणाली, "आई, थोडा चहा टाकता?" मी आधण ठेवलं, आणि तिला आठवलं की आत्ताच रक्तवाढीची गोळी घेतली आहे आणि त्यानंतर दोन तास चहा प्यायचा नाही असं तृप्तीने बजावलं आहे. मग ती हसू लागली. हसता हसता रडली. गॅस बंद करावा की करू नये, मला सुचेना. शेवटी तो चहा मी प्यायले.

त्यानंतर तृप्तीने तिला मोठी यादी लावून दिली. पाच महिने रक्तवाढीच्या गोळ्या. उपास महिन्यातून एकच, आणि त्या दिवशी साबुदाणा नाही, राजगिरा आणि दाणे. भाजी लोखंडी कढईत. जेवणात नागलीची भाकरी. रोज चाळीस मिनिटं भरभर चालायचं, गप्पा मारत नाही. वर्षातून एकदा तपासणी. हे वाचून तृप्तीला मी फोनवर म्हटलं की भाकरीची उधारी तू अशी फेडलीस होय. ती म्हणाली, बाई, तुम्ही तेव्हा भाकरी मनापासून खायचा नाही, मला माहीत आहे.

पौषात कळवणहून एक यजमान कुटुंब वडिलांच्या श्राद्धाला यायचं होतं. आदल्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर तेजश्री नव्या कॅलेंडरसमोर उभी होती. पाच आठवड्यांनी, जशी यायची तशी, पाळी आली होती. हातात लाल पेन्सिल होती, पण नजर उद्याच्या तारखेवर होती. उद्या जेवायला नऊ पानं होती.

मी तिला सांगितलं की बाजूला बसायचं असेल तर बस, नसेल बसायचं तर बसू नकोस, ते तुझ्या मनावर आहे. गोळी मात्र आता या घरात यायची नाही.

"मग स्वयंपाक?" ती म्हणाली.

उपेंद्र मागे येऊन उभा होता. "पिंडाचा भात तीस वर्षं शिजवतोय मी," तो म्हणाला. "वरणाला काय वेगळी विद्या लागते?"

"मीठ लागतं," तेजश्री म्हणाली. "पिंडाला घालत नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो सोवळं नेसून पहाटेपासून ओट्याशी उभा होता. मी भाज्या चिरून दिल्या, खीर ढवळली. वरणात मीठ पडलं, तेही दोनदा. कळवणच्या आजीबाई जेवताना काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की आज सूनबाई दिसली नाही, बरी आहे ना. मी म्हटलं, बरी आहे. म्हणताना माझाच मला आवाज मोकळा लागला. त्यांच्या मोठ्या सुनेने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती चाळिशीची, ओठ पांढरे. मी तिला तृप्तीचा फोन नंबर लिहून दिला आणि सांगितलं की जाताना गेल्या वर्षाचं कॅलेंडर बरोबर ने, आणि त्यावर असेल नसेल ते सगळं दाखव.

त्या दुपारी चार वाजता मुलं आली. चपला ओळीत लागल्या. माझ्या मागच्या खोलीत इरा आणि तेजश्री बीजगणित घेऊन बसल्या होत्या. इरा म्हणत होती की आमच्या बाई असं सोडवत नाहीत, आणि तेजश्री म्हणत होती की तुझ्या बाईंना पाठव माझ्याकडे. आवाज चढत चालले होते. धनराजने दाराकडे पाहून विचारलं, आजी, त्यांना गप्प करू का?

मी म्हटलं, नको. चालू दे. अजून बारावीपर्यंत जायचंय त्यांना.