चौदा तारखेचा मेसेज

"मॅडमांक बिनसाखरेची चाय व्हयी म्हणे," ऑफिसातली सुविधा रंजनाच्या कानाशी पुटपुटली. "ह्या जेटीर आजपर्यंत कोणी बिनसाखरेची मागली हा? आणि कप बशीयेसकट! बशी खंयसून हाडू, माझ्या म्हायेरसून?"

रंजना हसली नाही. एरवी सुविधाच्या कुरकुरीवर तिचा अर्धा दिवस मजेत जायचा. पण आज काचेच्या केबिनमध्ये बंदराकडून चौकशीला आलेल्या पद्मावती मॅडम बसल्या होत्या. समोर मालक रघुनाथबाब, बाजूला त्यांचा पुतण्या संदीप, आणि टेबलावर एक टाइप केलेला कागद. कागदाच्या तळाला रंजनाचं नाव होतं. सही तेवढी राहिली होती.

ऑफिस म्हणजे नदीकाठची दोन खोल्यांची पत्र्याची शेड. शिरगावकडच्या खाणींतून लोहखनिजाचे ट्रक येतात, जेटीवर माल बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीत, ओततात, आणि बार्ज लालभडक होऊन खाली बंदराकडे जाते. तिथं मोठं जहाज वाट बघत असतं. पूर्वी बार्जबरोबर चिठ्ठी जायची. आता बार्ज सुटायच्या आधी मेसेज जातो. बंदराच्या ऑनलाइन सिस्टीमवर बार्जचं नाव, फेरी, वजन आणि ड्राफ्ट, म्हणजे बार्ज पाण्यात किती बुडाली आहे ते माप, एवढं भरून बटण दाबलं की बंदर, कस्टम, जहाजाचा एजंट, सगळ्यांच्या पडद्यावर ते एकदमच उमटतं. पण कुणीही उठून पाठवावा असा तो मेसेज नाही. त्याला सही लागते, आणि सही असते डोंगलमध्ये. बोटाएवढं डोंगल, एकाच माणसाच्या नावावरचं. या ऑफिसात तो माणूस होता महादेव गावस, रंजनाचा नवरा.

महादेव मूळचा दोडामार्गचा. जेटीवर सव्वीस वर्षं काढलेला. कंप्युटर शिकला तो पन्नाशी उलटल्यावर, दोन बोटांनी, तांदळातले खडे निवडावेत तशी अक्षरं निवडत. पण ड्राफ्ट त्याने कधी खुर्चीत बसून भरला नाही. बार्जच्या अंगावर पुढे, मध्ये आणि मागे आकडे रंगवलेले असतात. हा जेटीच्या शेवटच्या पायरीवर उतरायचा, लाट निवेपर्यंत थांबायचा, वाकून बघायचा, परत बघायचा, मगच वर येऊन आकडा टाकायचा. संध्याकाळी घरी आला की चपला ओल्याचिंब.

"सिस्टीम इली तरी तुमच्या चपलांचा नशीब काय बदलूक नाय," रंजना ओरडायची.

नऊ मार्चला सकाळी त्याच चपला घालायला तो ओटीवर बसला. बसला तो उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी रघुनाथबाब भेटायला आले. महादेव गेला म्हणजे माझा उजवा हात गेला म्हणाले, डोळे पुसले. खोटं नसावं ते. सुतकाच्या घरात त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. तेही रीतीला धरूनच होतं. मग जरा खाकरून म्हणाले, "वयनी, ते डोंगल..."

डोंगल हरवू नये म्हणून महादेव ते घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवायचा. कडी घट्ट होती. रघुनाथबाबांनी नखाने उचकटली, नख तुटलं, तरी सोडली नाही. "नवीन सहीचं काम व्हायला तीन आठवडे लागतात. तोवर बार्जी उभ्या राहिल्या तर महादेवालाच वाईट वाटेल." पिन रंजनानेच सांगितली. लेकीची, सिद्धीची, जन्मतारीख.

सुतकाच्या घरचा चहा चालत नव्हता, डोंगल चाललं.

तेरावं झाल्यावर त्यांनी तिला महादेवच्या खुर्चीवर बसवलं. उपकारच म्हणायचे. सिद्धी फोंड्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. नवीन सहीचा अर्ज पुढच्या आठवड्यात करायचा होता, आणि तो पुढचा आठवडा कधी आला नाही. रंजनानेही कुणाला आठवण करून दिली नाही, हेही सांगायला हवं. रोज सकाळी पिन टाकली की पडद्यावर अक्षरं यायची, 'नमस्कार, महादेव गावस'. घरी फोटोला हार, ओटीवर चपला वाळून कडक झालेल्या, आणि इथं हा माणूस साडेआठला कामावर हजर! ती स्वतः पायऱ्या उतरायची, वाकून बघायची, परत बघायची, आणि त्याच्या नावाने आकडा पाठवायची. "महादेव ऑनलाइन आसा मरे," ऑफिसात कुणीतरी म्हणायचं. सगळे हसायचे. तीही हसायची.

पण सुतकाच्या त्या दिवसांत खुर्चीवर संदीप होता. चौदा मार्चला एक बार्ज तुडुंब भरली. संदीप खाली उतरला नाही. ऊन होतं, आणि बूट नवे होते. त्याने आदल्या फेरीचा मेसेज उघडला, कॉपी केला, तारीख बदलली, पाठवून दिला. खरी बार्ज त्या आकड्याहून चांगली हातभर खाली होती. त्या आकड्यावर भरवसा ठेवून बंदराने तिला ओहोटीतच आत बोलावलं. बार्ज वाळूत रुतली. ओढून काढताना दोर तुटला आणि धारगळच्या नारायण खलाशाचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

खुर्चीवर बसल्याच्या पहिल्याच आठवड्यात रंजनाने तो मेसेज पाहिला होता. तेरा आणि चौदा तारखेचे आकडे जुळे भाऊ असावेत तसे. सुविधाने पाहिला होता. रघुनाथबाबांना तर संदीपनेच रडत सांगितलं होतं. बोललं कुणीच नाही. मग पावसाळा आला, बार्जी बंद झाल्या, आणि न बोलण्याची सवय झाली.

आज सकाळी रघुनाथबाबांनी तो कागद तिच्यापुढे धरला. 'कै. महादेव गावस यांची प्रकृती त्या दिवसांत ठीक नव्हती, त्यामुळे नजरचुकीने आकडा चुकला असावा.' तिने दोनदा वाचला. प्रकृती ठीक नव्हती! हे टाइप करताना संदीपचं बोट कसं अडखळलं नाही?

"महादेवाला आता कसली चौकशी नि कसली शिक्षा, वयनी?" रघुनाथबाब हळू आवाजात म्हणाले. "जिवंत माणसांचं बघायला हवं. संदीपचं नुकतंच लग्न ठरलंय. तुमची नोकरी आहे, सिद्धीचं शिक्षण आहे. एक सही फक्त."

ती हो म्हणाली होती. खरंच म्हणाली होती.

आता ती केबिनकडे निघाली. वाटेत दाराबाहेरच्या बाकावर नारायण बसला होता. साक्षीला बोलावलेला, दोन्ही कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. हॉस्पिटलात तीन महिने काढले त्याने. महादेव गेल्याचं त्याला तिथंच कळलं होतं. कधी गेला, ते सांगायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं.

"पाणी आणू?" रंजनाने विचारलं.

"नको वयनी." तो नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माजो राग नाय हां महादेवार. गेलेल्या माणसावर कसलो राग? पण एकदा वाकान बघूक व्हया होता त्याना. इतकी वर्सां बघल्यान, त्याच दिवशी कसो नाय बघल्यान?"

ती आत शिरली.

पद्मावती मॅडम पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांच्या फायलीत सगळं होतं. बार्जचं नाव होतं, मेसेजची तारीख आणि वेळ होती, सही होती. सही करणारा कधी गेला, एवढंच नव्हतं.

"मेसेज महादेव गावस यांचाच?"

"सिस्टीमच सांगते ना, मॅडम," रघुनाथबाब म्हणाले. "डोंगल त्याचं, सही त्याची."

"आणि ते आता..."

"वारले. मार्चात," संदीप घाईने म्हणाला, आणि टेबलावरचा स्टेपलर उगाच सरळ केला.

"अरेरे," मॅडम म्हणाल्या. तारीख विचारली नाही; रंजनासमोर ते विचारणं त्यांना बहुतेक बरं वाटलं नसावं. "तुम्ही त्यांच्या मिसेस? बसा ना. वाचलंय ना तुम्ही हे?"

सुविधा चहा घेऊन आली. बशी मिळाली नव्हती. कप स्टीलच्या ताटलीत ठेवला होता. तो ठेवून ती गेली नाही. दारातच उभी राहिली.

रंजनाने पेन घेतलं. रघुनाथबाबांनी कागद बोटाने तिच्याकडे सरकवला. नख आता पुरतं वाढलं होतं, नीट कापलेलं.

बाहेर नारायणाची एक कुबडी घसरून जमिनीवर पडली. ती उचलण्याची त्याची धडपड आतपर्यंत ऐकू येत होती. कुणीच हललं नाही.

"मॅडम," रंजना म्हणाली, "ह्या मेसेजची तारीख काय?"

"चौदा मार्च. सकाळी दहा वीस."

"वयनी, ते सगळं फायलीत आहे," रघुनाथबाब म्हणाले.

रंजनाने पेनाचं टोपण लावलं. मग उठली, सुविधाला बाजूला सारून केबिनचं दार सताड उघडलं, आणि बाहेरच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात बोलली.

"नऊ तारखेला आम्ही त्यांना जाळलं. चौदाला घरात सुतक होतं, चूल भावाच्या घरी पेटत होती. डोंगल रघुनाथबाबांनी नेलं, पिन मी दिली. चौदाचा आकडा संदीपने टाकला, जेटीवर न उतरता. आणि त्यांचं तेरावं झाल्यानंतरचे सगळे मेसेज, एकूण एक, मी पाठवलेत. आकडे खरे आहेत, मॅडम. सही मेलेल्या माणसाची आहे."