सुरतेत हुकलेला विसावा

मी कीबोर्ड बोलतोय. पण जरा दमाने ऐका, कारण माझ्या दोन पट्ट्या अडकतात आणि एक दाबली की वर यायलाच विसरते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे धूळ नव्हती. शहाद्याच्या जगदीशभाऊंनी मला विकत आणलं, पिकअपवर बांधलं आणि तेव्हापासून मी लग्नांत राबतोय. एप्रिलचं ऊन, पाठीशी स्पीकरची भिंत, खाली हातात हात धरून गोल नाचणारी माणसं. नवरी रडते, नवरदेवाचे मित्र भांडतात, मी वाजत असतो. माणसांना आनंद झाला की त्यांना आवाज कमी वाटू लागतो, एवढं मला कळलंय.

मग भाऊंचं मनगट सुजू लागलं. "आते मन्हाथीन नई व्हत," ते म्हणाले. सुरतला साउंडचं काम करणारा त्यांचा मित्र रूपचंद, त्याला मला विकायचं ठरलं. खरं सांगू? मला बरं वाटलं. गोदामातला सावलीचा कोपरा, अंगावर एखादं कापड. आणखी काय हवं?

वाईट वाटलं ते जागृतीला. भाऊंची ही मुलगी दहावीत शिकते, चार माणसांत तोंड उघडत नाही. दुपारी घरात कोणी नसलं की आवाज बंद करून ती मला वाजवायची. हे फक्त मला ठाऊक होतं. "विकू नका" हे शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचे आणि तिथूनच मागे फिरायचे.

"कीबोर्ड मैदानावरच आना, कार्यक्रम बी देखा," असा रूपचंदचा निरोप होता. कार्यक्रम सिंथवेव्हचा, म्हणजे जुन्या कीबोर्डांचे सूर आणि मशीनचा ताल. जागृती ते मोबाइलवर ऐकायची, म्हणून तीही पिकअपमध्ये बसली. नवापूर गेलं, गुजरात लागलं.

संध्याकाळी मला रूपचंदच्या टेबलाशेजारी उभं केलं, म्हणून सगळं दिसलं. जांभळा-गुलाबी धूर, आणि त्यात माझ्याच वयाच्या दोन कीबोर्डांमागे एकटी, बारीकशी मुलगी. केस चेहऱ्यावर आलेले. ती कोणाशी बोलली नाही, मान वर केली नाही. तरी मैदानभर माणसं तिच्यासाठी गप्प उभी.

जागृती पापणी न हलवता तिला बघत होती. भाऊ माणसांकडे बघत होते.

"समदा उभाच शेतस, एक बी नाचत नई!" ते रूपचंदच्या कानाशी ओरडले. "आपला लगीनमा अशा उभा ऱ्हायनात ते नवरदेवना बाप माले पिकअपवरथीन उतारी टाकी!"

"आठे असंच ऐकतस, भो," रूपचंद हसला.

कार्यक्रम संपला. पोरं वायरी गुंडाळू लागली. रूपचंदने मला दिव्याखाली घेतलं. "समद्या पट्ट्या वाजतस ना? वाजाडी दखाड."

भाऊंनी मनगट चोळलं. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला, "पप्पा, मी वाजाडू?"

"तू? तुले कोठे येस, माय?"

ती पुढे आली. पहिला सूर चुकला. मग तिने टिमली, आमच्याकडची लग्नात नाचायची चाल, धरली, आणि वायरी गुंडाळणाऱ्या पोरांचे पाय आपोआप हलू लागले.

भाऊ बघतच राहिले. "कव्हय शिकनी वं?"

"घरमाच. आवाज बंद करीसन." मग तिने एका दमात सांगितलं, "पप्पा, याले इकू नका. मी वाजाडसू."

"पिकअपवर? पोरनी जात! लोके काय म्हनतीन?"

जागृतीने रिकाम्या स्टेजकडे बोट केलं. "ती बी पोरच व्हती ना!"

भाऊंनी वळून स्टेजकडे पाहिलं. रूपचंदने मला कापडात गुंडाळून पुन्हा पिकअपमध्ये ठेवलं. "भो, बाजा ते मी लिसू, पन वाजाडनारी कोठून लिऊ? लई जा घर."

असा माझा विसावा हुकला.

आज सारंगखेड्याजवळ एका लग्नात मी पुन्हा उन्हात उभा आहे. नवरदेवाच्या काकांनी मघाशी भुवया उंचावून विचारलं, "हाई पोर वाजाडी?" भाऊ म्हणाले, "हां. मन्ही पोर शे." एवढंच म्हणाले, पण मोठ्याने म्हणाले.

मी फार थकलोय हो. सांधे कुरकुरतात, पोटात धूळ आहे. अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण जागृतीने ओढणी खोचली, मान खाली घातली. तिची बोटं येताहेत.

हळू गं, माय. पण वाजव.