तीन सकाळच्या बाटल्या

निंबाने पहिली रिकामी बाटली पुढे केली तेव्हा सुकदेव हसला होता. ते हसू पुढे त्याला सुखाने जगू देईना.

दोघे धुळ्याकडच्या एकाच गावचे. सुरतेला आले तेही बरोबरच. लिंबायतला एका गल्लीत राहत आणि कापड रंगवायच्या एकाच मिलमध्ये कामाला जात. सुकदेव घडीखात्यात, कोरड्या कापडात. निंबा रंगखोलीत. बारा वर्षं तो उघड्या हातांनी रंगाची भुकटी कालवत होता. घामाने त्याची बनियन कधी निळी, कधी लाल होई. त्या उन्हाळ्यात, शहाण्णव साली, त्याला लघवी लाल होऊ लागली, तेव्हा रंगखोलीत कुणाला नवल वाटलं नाही. अंगात मुरलेला रंग बाहेर पडतोय, ताक पीत जा, असंच सगळे म्हणाले.

मग मिलमध्ये एक डॉक्टर आला. रंगखोलीतल्या प्रत्येकाने लागोपाठ तीन दिवस, सकाळची पहिली सोडून दुसरी लघवी बाटलीत द्यायची, असं त्याने सांगितलं. मूत्राशयातून झडलेल्या पेशी तिच्यात सापडतात. त्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, की कॅन्सर असेल तर लवकर कळतो, हेही त्याने समजावलं. माणसांनी त्यातून एवढंच घेतलं, की ज्याची बाटली वाईट निघेल त्याला गेटबाहेर काढतील.

मिलमध्ये बदलीची रीत होतीच. एकाला ताप आला की दुसरा त्याच्या नावावर पाळी करी. त्यात कुणाला लबाडी वाटत नसे. जो करणार नाही तो गाववाला कसला, असं म्हणत.

"माझ्या पाळ्या तू किती केल्यास," निंबा म्हणाला. "आता एवढी बाटली भर. तुझं तर गंगाजळ."

"अन् तेही तीन दिवस फुकट?" सुकदेव म्हणाला, आणि तिन्ही सकाळी त्याने बाटली भरून दिली.

कागद आला. पेशींत काही दोष नाही. निंबाची बायको सुंदरा हिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवला.

पावसाळ्यात लघवीतून रक्ताच्या गाठी पडू लागल्या. मोठ्या दवाखान्यात चला, म्हणून सुंदरा मागे लागली. निंबा कागदाकडे बोट दाखवी. बाटली कुणाची होती हे तो जणू स्वतःच विसरून गेला होता. शेवटी ती सुकदेवकडे आली आणि कागद बरोबर असेल ना, एवढंच विचारू लागली. निंबा मागे दारात उभा होता. सुकदेवने त्याच्याकडे पाहिलं, आणि बरोबर असेल, असं तो बोलून गेला.

दिवाळीनंतर लघवीच अडली, तेव्हा निंबाला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुना कागद वाचला, नवे फोटो पाहिले. रोग हाडांत गेला होता. या तपासणीत कधी कधी पेशी निसटतात, त्या हळू आवाजात म्हणाल्या, त्यात तुमची काही चूक नाही. तेव्हा सापडल्या असत्या तर नळी घालून आतली गाठ खरवडून काढता आली असती.

बाहेर बाकावर सुंदरा पदराने डोळे पुसत बसली. आपण वेळेवर तपासलं तरी होतं, आपल्याकडून काही राहिलं नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्या एका गोष्टीला धरून ती बसली होती. सुकदेव गप्प राहिला असता तर त्याला कुणी कधीच काही विचारलं नसतं.

"वहिनी," तो म्हणाला, "त्या तिन्ही बाटल्या माझ्या होत्या."

ती त्याच्या हातांकडे पाहत राहिली. एकाही नखात रंग नव्हता. मग तिने पिशवीतला कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

"हाऊ कागद तुमना शे, भाऊ. तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात वॉर्डातून नर्सने हाक दिली, निंबाबरोबर कोण आहे? इतक्या वर्षांच्या सवयीने सुकदेव उभा राहिला. सुंदरा त्याच्याकडे न बघता उठली आणि आत गेली. तो कागद हातात घेऊन तसाच उभा राहिला.