चहाच्या रंगाच्या काचा

काबिसहून आलेलं लझहरचं पत्र एकतीस वर्षं माझ्या खणात पडून होतं. मुलगी झाली, खजूर यंदा बरा आहे, असं लिहून शेवटी त्यानं विचारलं होतं, 'नव्या चष्म्यातून नीट दिसतं का रे?' उत्तर लिहायला कितीदा बसलो. दोन ओळींपुढे कधी गेलो नाही.

आम्ही दोघं ट्युनिसबाहेरच्या एका केंद्रात होतो. पट्ट्या, सुया, मसाले यांची खोकी कोबाल्टच्या गॅमा किरणांत ठेवून जंतुमुक्त करायचं काम. त्या खोलीत कुठे किती किरणं पडतात ते मोजणं माझ्याकडे होतं. कोबाल्ट खोल हौदात, पाण्याखाली उतरवला की आत जायचं, किरणं पडली की रंग बदलणारे मोजणीचे छोटे तुकडे जागोजागी लावायचे, बाहेर यायचं. मग तो वर काढत. प्रत्येकाकडे फिल्मचा एक बिल्ला असे. महिनाअखेर फिल्म धुतली की कुणाला किती किरणं लागली ते कळे.

जानेवारीतल्या एका दुपारी लझहर नवा कोट घालून होणाऱ्या सासऱ्याकडे गेला होता. आत गारठा फार. खुंटीवरची त्याची कशाबिया, म्हणजे टोपीवाला जाड लोकरी झगा, मी न विचारता अंगात घातली. तुकडे लावताना ती जड वाटली, म्हणून खोकी ठेवायच्या चौकटीला अडकवली आणि तशीच विसरून बाहेर आलो. कोबाल्ट दुसऱ्या सकाळपर्यंत वर होता.

सकाळी मी ती गुपचूप खुंटीवर परत लावली. कापडात किरणं राहत नाहीत, हे ठाऊक होतं. पण आतल्या बाजूला त्याचा बिल्ला टोचलेला होता, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी माझा हरवलेला चष्मा शोधण्यात गुंतलो होतो.

तीन आठवड्यांनी लझहरची फिल्म काळीकुट्ट निघाली. त्याचं रक्त तपासायला नेलं. लग्न मे महिन्यात ठरलेलं. जेवताना लबलाबीच्या, हरभऱ्याच्या गरम रश्श्याच्या, वाडग्यात पाव कुस्करून तो तसाच बसून राही. एकदा म्हणाला, "मोडू का रे लग्न? तू मोजणारा माणूस, तूच सांग."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, थोडं थांबू या.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या डॉक्टर नजिबांनी कशाबिया मागवली. आतल्या खिशातून चष्मा निघाला. काचा उकळलेल्या चहासारख्या तपकिरी. डॉक्टरबाई त्या खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"किरणांनी काच इतकी काळवंडली म्हणजे कपडा तासन्‌तास आत होता," त्या म्हणाल्या. "त्यात माणूस असता तर आठवडाही काढला नसता. जा बाबा, लग्न कर." मग त्यांनी विचारलं, "चष्मा कुणाचा?"

दांडीला निळा दोरा गुंडाळलेला होता. त्या दोऱ्यावरून लझहर मला रोज चिडवायचा, की तुला बायकोनं बकरा समजून बांधून ठेवलंय का. लझहरनं दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्या मुन्सिफचा. गंमत म्हणून मी लपवला होता," तो म्हणाला. "कशाबियाही मीच आत विसरलो."

त्याच्यावर ठपका आला आणि दूर दक्षिणेत, काबिसच्या गोदामात बदली झाली. चष्मा मला परत मिळाला.

मागच्या आठवड्यात तो खणातून काढला. रंग मधासारखा फिका झालाय; काचेतला असा रंग हळूहळू उतरतोच. आणखी थोडा उतरला की पुरावाही उरणार नाही, असं मनात आलं आणि त्या विचाराची मलाच भीती वाटली. लगेच कागद घेतला.

लिहिलं की कशाबिया मी नेली, मी विसरलो, आणि तुला ते कळलं होतं हे मला त्याच दिवशी समजलं. त्यानंतर एकोणीस वर्षं मी मानानं नोकरी केली, दोन मुली शिकवल्या, ते तुझ्या त्या दोन वाक्यांवर. आभार मानायला इतका उशीर करणाऱ्याला तू हसशील. हस. नव्या चष्म्यातून नीट दिसतं.

जुना चष्मा कापसात गुंडाळून पत्रासोबत ठेवला. पत्ता अजून तोच असेल का, माहीत नाही. टपाल कचेरीतल्या बाईंनी आत काय आहे म्हणून विचारलं.

"चष्मा आहे, माझा," मी म्हणालो.

त्यांनी शिक्का मारून पुडकं आतल्या पिशवीत टाकलं.