कोणत्या पानावर

नर्सच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. लेखी दोन्ही वेळेस निघालं, पण हातानं तपासायच्या परीक्षेत अडकले. तिसरी आणि शेवटची संधी शहात्तरच्या मे महिन्यात होती. ती गेली की भंडाऱ्याच्या ट्रेनिंगची दोन वर्षं पाण्यात. सरकारी नोंदणी नाही म्हणजे नोकरी नाही, अन् नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं शहापूरला भावाच्या घरी राहून वहिनीचं ऐकत जन्म काढायचा. वहिनी वाईट नव्हती. फक्त बोलायची फार.

म्हणून या खेपेला पुस्तक अन् मास्तर नीट निवडायचे असं मी ठरवलं. एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, त्यातली चित्रं तेवढी मला वाचता येत. बाजारात हिंदी प्रश्नोत्तरी मिळे. ती सगळ्याच मुलींकडे होती अन् सगळ्या मिळून त्याच चुका करत. शेवटी ट्रेनिंगचं मराठी पुस्तकच पक्कं केलं आणि भंडाऱ्याच्या कृष्णराव सरांची शिकवणी लावली. सर रिटायर कंपाउंडर. फळ्यावर गर्भाशय असं सुरेख काढायचे की पुसवत नसे. मात्र सगळी बाळंतपणं त्यांनी खडूनंच केलेली. तरी कोणी विचारलं की मी मान वर करून सांगे, "कृष्णराव सरांची शिकवणी आहे."

माझी आई सुलोचनाबाई एक दिवस धान पाखडता पाखडता म्हणाली, "फळ्यावरच्या बाईचं पोट चपटं असते. कुंताकडे काहून नाही जात?"

कुंता म्हणजे गावची सुईण. आता लिहिताना मी कुंताबाई लिहिते. तेव्हा तिच्या नावाला बाई लावायची गावात रीत नव्हती, तिची वस्ती गावाबाहेर होती म्हणून. साठीची म्हातारी, माझी नाळ तिनं कापलेली. अन् ती मला पुष्पाबाई म्हणे, मी तिला कुंता.

दुपारी गाव आडवं झालं की मी मागच्या पांदीनं जायची. पाण्याचा तांब्या घरून न्यायची. तिनं मला कधी पाणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं; तेवढं माझं लाजणं तिनं वाचवलं.

गोधडीची थैली करून ती त्यात कोंडा भरायची. एका टोकाला बेलाचं फळ, दुसऱ्या टोकाला चिंध्यांचा गोळा. मग माझे डोळे बांधायची.

"पयले हात काखेत घाला," ती म्हणे. "थंडा हात लागला का पोट गोटा होते. गोट्यातून काय समजन तुमाले?"

मी हात काखेत धरून बसायची.

"आता टिचकी द्या. डोस्कं असन तं एकटंच हालते. बूड असन तं सारं पोरगं हालते."

मी वही काढली तर म्हणाली, "लिहून काय घेऊन राहिल्या? बोटाले वाचता येते काय?"

महिनाभर मी बेलफळ शोधत राहिले. शेवटी तिनं थैली उलटी केली तरी मला कळायला लागलं.

परीक्षेला नागपूरहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वॉर्डात दिवस भरलेली एक बाई निजवली होती. माझ्या आधी वरठीच्या दोघी तपासून गेल्या, दोघींनी डोकं खाली आहे म्हणून सांगितलं. त्यांची मावशी आमच्याच आळीत राहायची.

मी पुढं झाले अन् दोन्ही हात काखेत घातले. मागं त्या दोघी फिसकन हसल्या. मी हात पोटावर ठेवले, टिचकी दिली, वाट पाहिली, पुन्हा दिली.

"मॅडम, पायाळू आहे. डोकं वर आहे."

बाईंनी स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हात काखेत घालायला कोणी शिकवलं?"

नाव जिभेवर आलं होतं. पण मागं वरठीच्या दोघी कान देऊन उभ्या होत्या, अन् मला आमची आळी दिसली.

"पुस्तकात आहे," मी म्हणाले.

"कोणत्या पानावर?"

"एकशे बारा."

पुस्तक टेबलावरच होतं. त्यांनी एकशे बारावं पान काढलं. तिथं कात्री किती वेळ उकळावी ते दिलं होतं. त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं, पुस्तक मिटलं अन् मार्क मांडले.

"हाताला पास केलं आहे," त्या म्हणाल्या. "तोंडाला नाही. जा."

पास झाल्याचे पेढे घेऊन मी कुंताबाईकडे गेले, या खेपेला पुढच्या रस्त्यानं. तिनं पदर पसरला. अन् माझा हात, जो तिनंच महिनाभर शिकवला होता, आपोआप वीतभर वर गेला अन् तिथून पेढे सोडले. एक पेढा मातीत पडला. तिनं तो फुंकून घेतला.

"त्या बाईनं काई इचारलं काय, कोनापाशी शिकल्या म्हनून?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली. "माहं नाव घेतलं असतं तं तुमाले नापासच केलं असतं."

त्र्याऐंशी साली मी बदलीनं शहापूरजवळच्या आरोग्य केंद्रात आले. सरकारनं गावोगावच्या सुईणींना शिकवायचं काढलं होतं, अन् शिकवणारी मी. पहिल्या दिवशी हजेरी घेतली.

"कुंताबाई."

कोणी ओ दिली नाही. मी पुन्हा नाव घेतलं. शेजारच्या गावची शकुनबाई तिला कोपरानं ढोसून म्हणाली, "अवं, तुलेच बलावून राहिल्या म्याडम."

"मले वाटलं दुसरीच कोनी हाय," कुंताबाई म्हणाली.

साबण, ब्लेड, दोरा, स्वच्छ हात, असं मी सहा दिवस शिकवलं. ती पुढच्याच रांगेत बसून प्रत्येक गोष्टीला मान हलवायची. हात काखेत घालायचं मी शिकवलं नाही. पुस्तकात नव्हतं.

शेवटच्या दिवशी रजिस्टरवर सगळ्यांचे अंगठे घ्यायचे होते. प्रत्येकीच्या नावापुढं एक रकाना होता, शिकवणाऱ्याचं नाव. तो मी आदल्या दिवशीच वरपासून खालपर्यंत भरून ठेवला होता.

कुंताबाईंनी अंगठ्याला शाई लावली, रजिस्टरवर वाकल्या अन् माझ्याकडं वर पाहिलं.

"कोन्त्या पानावर, म्याडम?"

वरठीच्या त्या दोघी मावशीकडं येत-जात असायच्या, अन् मधे सात वर्षं गेली होती. म्हातारीच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता आलं नाही. अंगठ्याची शाई वाळत होती.

मी पान काढून दिलं.