मनगटावरची पांढरी खूण

“हात सैल सोडा हो काका, मी काय कापून ठेवून घेत नाहीये,” घड्याळाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या.

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, हात काउंटरवर ठेवला होता खरा, पण मूठ आवळलेलीच. बाईंनी पोलादी पट्ट्याखालून घडी केलेला रुमाल ओढून काढला. आजारपणानंतर घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं, त्यावरचा हा बाबांचा इलाज. जन्मभर बस चालवलेल्या माणसाचं घड्याळ ते. रस्त्यावरची नजर जराशी वळवली तरी वेळ कळावी, एवढी थोरली तबकडी.

मी बाळाला खांद्यावर घेऊन मागे उभी होते. तिच्या कानामागे लाल ओरखडा होता. आदल्या दिवशी बाबांनी तिला पाळण्यातून उचलताना घड्याळाची कड लागली होती. सोमवारपासून मी कामावर रुजू होणार आणि पोर दिवसभर त्यांच्याजवळ राहणार, असं ठरलेलं. त्या ओरखड्याने माझा जीव थाऱ्यावर राहिला नव्हता. मी गुपचूप एका पाळणाघरात चौकशीही करून ठेवली होती.

“घड्याळ काढूनच ठेवा ना बाबा, भिंतीवर आहे की,” सकाळी मी म्हणाले होते.

“भिंत काखेत मारून फिरू का तिच्यामागे? दुधाची वेळ, औषधाची वेळ कोण बघणार?” मग ओरखड्याकडे पाहत तेच म्हणाले, “चल. आज याचा निकालच लावू.”

“थोड्या कड्या काढते, म्हणजे पट्टा बसेल,” बाई म्हणाल्या.

“कड्या नाही काढायच्या. अंग भरेल माझं.”

मी बाळाची पाठ थोपटत राहिले. डॉक्टर काय म्हणाले होते, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“कड्या राहू देत. पण हे बघा, डायलचे हे पट्टा अडकवायचे दोन्ही कान मनगटाबाहेर आलेत. पट्टा कितीही आवळला तरी कड टोचणारच. डायल कशी, मनगटाच्या आत मावली पाहिजे. आणि पट्टा, खाली करंगळी जाईल एवढाच सैल.” बाईंनी एक लहानसं, चपटं, मऊ रबरी पट्ट्याचं घड्याळ पुढे सरकवलं.

“हे बायकांचं आहे.”

“घड्याळाला मिशा असतात का, काका? घालून तर बघा.”

बाबांनी ते घातलं. करंगळी घालून पाहिली. हात दोनदा झटकला. घड्याळ जागचं हललं नाही.

“कसं दिसतंय गं?”

छान म्हणून मोकळी होणार होते. पण घरातसुद्धा इस्त्रीचा सदरा घालणारा हा माणूस, त्यांना असलं उत्तर चालत नाही. मी नीट पाहिलं. मोठ्या घड्याळाशेजारी त्यांचा हात काडीसारखा दिसायचा. आता तो हातासारखा दिसत होता.

“शोभतंय, बाबा. हात भरल्यासारखा वाटतोय.”

त्यांनी मनगट उचललं आणि घड्याळाची कड स्वतःच्या गालावरून फिरवली. एका बाजूने, मग दुसऱ्या. डोळे मिटून, सावकाश, चारही बाजूंनी. मग म्हणाले, “दे तिला इकडे.”

बाळ त्यांच्या हातावर विसावलं. त्यांनी मनगट जरासं वळवलं, डोळे बारीक केले आणि वेळ वाचली. “अर्ध्या तासात दूध द्यायचंय. घरी चला.”

“जुनं पिशवीत घालू?” बाईंनी विचारलं.

“घाला. कड्या सगळ्या आहेत तशाच राहू देत.”

बाहेर ऊन होतं. पायरी उतरून बाबांनी बाळ माझ्याकडे दिलं. नव्या छोट्या तबकडीभोवती जुन्या घड्याळाची गोल पांढरी खूण सगळीकडून बाहेर डोकावत होती. मला वाटलं, आता ते बाही खाली ओढणार. त्यांनी ती वर दुमडली, एक घडी, दुसरी घडी, बस सुरू करण्याआधी दुमडत असतील तशी, थेट कोपरापर्यंत. आणि बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.