पुठ्ठ्याची कमान

ब्रदरांचे पत्र तीन वर्षे माझ्या शब्दकोशात पडून होते. दवाखान्याच्या वॉर्डातल्या पुरुष परिचारकाला सगळे ब्रदर म्हणत, म्हणून मीही म्हणतो. पत्र एवढेसेच होते. "काका, तुमची कमान आता ढिली झालीय. नवी कशी करायची ते मापांसकट कळवाल का? आणि घरी गेल्यावर तुम्ही काय काय सांभाळलंत तेही दहा ओळींत लिहा. आम्ही सांगायला लागलो की माणसं लाजून छताकडे बघत बसतात."

उत्तर लिहायला मी पुष्कळदा बसलो. छत्तीस वर्षे ग्रंथालयात पुस्तके बांधली, दुसऱ्यांच्या लिहिण्याला पुठ्ठे चढवले. माझ्या दहा ओळी, त्याही असल्या विषयावर, कोण वाचणार, असे म्हणून कागद बाजूला सारायचो. खरे कारण वेगळे होते. लिहिले असते तर ते माझ्या अक्षरात कायमचे राहिले असते.

एकसष्टाव्या वर्षी मधुमेहामुळे माझी पुढची कातडी आकसली, तिला चिरा पडू लागल्या. लघवीला जाणे मी होईल तेवढे लांबवायचो. आठ महिने मी कुणाला बोललो नाही. शेवटी डॉक्टरांनी सुंता करायला सांगितली. म्हणाले, अर्ध्या तासाचे काम आहे. ते फक्त बायकोला सांगितले. बाकी जगाला हर्निया. मेहुण्याला स्वतःला हर्निया झालेला, त्यामुळे तो मुद्दाम घरी येऊन दोन तास अनुभव सांगून गेला. शर्ट वर करून व्रण दाखवला आणि परत आलात की तुमचाही बघू म्हणाला. तो असाच. त्याच्या पोटात काही राहत नाही.

ऑपरेशन कळलेसुद्धा नाही, कारण इंजेक्शनने तेवढा भाग बधिर केला होता. त्रास पुढे सुरू झाला. जन्मभर झाकलेली त्वचा उघडी पडलेली. तिला नुसती चादर लागली तरी काचपेपर घासल्यासारखे व्हायचे. ब्रदर न हसता म्हणाले, "काका, चादरीला काही सांगता येत नाही. तिला वर उचलूनच धरायला हवं." त्यांनी औषधांचे एक खोके उपडे ठेवले. मी कुशीवर वळलो आणि खोके चेपले.

ते चेपलेले खोके बघून मात्र मला राहवेना. पुठ्ठ्याला लाकडासारखी दिशा असते. ती ओळखून वाकवला तर वाकतो, नाहीतर मोडतो. बायकोकडून घरचे दोन पातळ पुठ्ठे, खळ आणि एक कापड मागवले. पुठ्ठे ओलसर करून, खळीने एकमेकांना चिकटवून, वॉर्डातल्या बादलीभोवती नाडीने आवळून बांधले. दुसऱ्या दिवशी कमान खणखणीत वाळली होती.

कापडाचे मात्र असे झाले की बायकोने घाईत नेमके ते निळे उचलले. एकदा एका ग्रंथाच्या पाठीवर मी सोनेरी अक्षरांत 'खंड दुसरा' असे उठवले होते. त्या ग्रंथाला दुसरा खंडच नव्हता. साहेबांना दिसू नये म्हणून ते कापड मी सोलून घरी आणले आणि अकरा वर्षे कपाटाच्या तळाशी दडवले. आता तेच कमानीवर चढले. अक्षरे आत घ्यावीत तर कापड पुरेना.

त्या कमानीखाली मी पहिल्यांदा सलग सहा तास झोपलो. तिसऱ्या दिवशी घरी निघताना ती शेजारच्या खाटेवर ठेवून आलो. पुढे तपासणीला गेलो तेव्हा वॉर्डात तिचे नावच पडले होते. "आज खंड दुसरा कुणाकडे?" असे ब्रदर विचारत.

गेल्या महिन्यात एका दुपारी मेहुणा आला. चहा मागितला नाही, टीव्ही लावला नाही. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाला, "भावोजी, तुम्हाला हर्निया नव्हता."

मी चष्मा पुसत राहिलो.

डॉक्टरांनी त्यालाही तेच ऑपरेशन सांगितले होते. दोनदा तारीख घेऊन तो गेला नव्हता. जागा तरी बघावी म्हणून वॉर्डात डोकावला, तर एका खाटेवर निळी कमान, चिकटपट्ट्यांनी सांधलेली.

"कोपरे असे कोण दुमडतं ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "आमच्या लग्नाचा अल्बम तुम्हीच बांधलाय."

"बरं, मग?"

"दुखतं का?"

सगळ्या गावाला व्रण दाखवत फिरणारा माणूस, आणि आवाज एवढासा. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. मग मी सांगितले, सगळे. दुखते, पण गोळी दुखायच्या आधी, वेळेवर घेतली तर सोसते. सूज येते, रंग बदलतो, घाबरायचे नाही. सैल सुती कपडे. पट्टी चिकटू नये म्हणून व्हॅसलीन. सायकल नाही, जड उचलायचे नाही. झोपण्याआधी लघवी करून यायची, कारण पहाटे ताठरता आली की टाके ओढतात. तसे झालेच तर उठून चार पावले चालायचे. टाके आपोआप गळतात. रक्त थांबत नसेल, ताप आला, पू दिसला किंवा लघवी अडली तर लाजत बसायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा. बायकोजवळ जायचे ते डॉक्टर म्हणतील तेव्हाच, सहा आठवडे तरी नाही.

आतून ही म्हणाली, "आठ सांगा. त्याला ओळखते मी."

मेहुणा हसला. कितीतरी दिवसांनी हसल्यासारखा. म्हणाला, "हे मला लिहून द्या. असं कुणी सांगितलंच नव्हतं."

दहाच्या चौदा ओळी झाल्या. चार वेळा खोडल्या. मग तीन कमानी केल्या, जाड कापडाच्या, आणि अक्षरांचे जुने ठसे तापवून त्यांवर खंड तिसरा, चौथा, पाचवा असे उठवले. या वेळी मुद्दाम. तिसरा खंड मेहुणा घेऊन गेला. ऑपरेशनची तिसरी तारीख मिळाली त्या दिवशी तो वेळेआधी हजर होता. परवा भेटला. व्रण दाखवत नाही म्हणाला, पण झोप छान लागते.

उरलेले दोन खंड, मापे आणि त्या चौदा ओळी घेऊन मी आज पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारले, आत काय आहे. पुस्तके, असे तोंडावर आले होते.

"सुंतेच्या ऑपरेशननंतर पांघरूण लागू नये म्हणून कमानी आहेत," मी म्हणालो. "मी बनवल्यात."

बाईंनी लिहून घेतले. "नाजूक आहे का?"

"नाही. बसलात तरी मोडायच्या नाहीत."

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. पाठवणाऱ्याच्या रकान्यात मी नाव लिहिले आणि खाली, कुणी विचारले नसताना, 'पुस्तकबांधणी कारागीर' असे लिहिले. शिक्का बसला. पार्सल आत गेले.

घरी येऊन पावती शब्दकोशात ठेवली, ब्रदरांच्या पत्राशेजारी.